फ्री वेट की मशीन : ताकदीच्या व्यायामासाठी निवड कशी करावी

कोल्हापुरात ताकदीचा व्यायाम सुरू करायचे ठरवले की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात. तरुणपणी तालमीत जोर-बैठका मारलेले घरातले किंवा गल्लीतले कुणी वडीलधारे सांगतात की मशीनवर कमावलेली ताकद दिखाऊ असते, खरी ताकद हवी असेल तर वजन हातात धरून उचलायला शिका. जिममध्ये नाव नोंदवायला गेल्यावर तिथला ट्रेनर सांगतो की पहिले काही महिने मशीनच बरी, उगाच रॉडला हात लावाल आणि कंबर धरून बसाल. दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले असते, पण ते आपापल्या अनुभवापुरतेच खरे असते. पैलवानाला लागू पडलेली गोष्ट गुडघे कुरकुरणाऱ्या साठीच्या माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि पन्नास जणांवर एकट्याने लक्ष ठेवणाऱ्या ट्रेनरला सोयीची वाटणारी गोष्ट भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या हिताची असेलच असे नाही.

मी गेली अनेक वर्षे दोन्ही प्रकारांनी व्यायाम करतो आहे आणि घरातल्या व ओळखीतल्या काहीजणांना सुरुवातही करून दिली आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की निवड तीन गोष्टींवर करावी: तुम्हाला कोणती हालचाल बळकट करायची आहे, ती करताना तुमच्याकडे लक्ष देणारे जाणते माणूस आहे का, आणि तुमचे सांधे आज कोणत्या स्थितीत आहेत. पण ही उत्तरे नीट देता यावीत म्हणून आधी दोन्ही साधने काम कशी करतात ते समजून घेणे आवश्यक आहे.

वजन आणि त्याचा मार्ग

डंबेल, बारबेल (दोन्ही टोकांना प्लेट लावायचा लांब रॉड), केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा), मुद्गल, एवढेच काय पण वाळूने भरलेले पोते, हे सगळे फ्री वेट म्हणजे मोकळे वजन होय. मोकळ्या वजनाला गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते आणि ते पुढे, मागे किंवा बाजूला भरकटू न देण्याची जबाबदारी पूर्णपणे तुमच्या शरीरावर असते. खांद्यावर रॉड घेऊन स्क्वॅट, म्हणजे बैठकीसारखे खाली बसून उठणे, मारताना मांड्या आणि नितंब वजन उचलतात हे खरे, पण त्याच वेळी पोट आणि पाठ मिळून कणा ताठ धरून ठेवतात आणि पावलांचे छोटे स्नायू क्षणोक्षणी तोल सावरत असतात. मशीनमध्ये हा मार्ग पट्ट्यांनी, बिजागरीने किंवा पुलीने आधीच ठरवून दिलेला असतो, त्यामुळे तोल सांभाळण्याचे काम लोखंडी सांगाडा करतो आणि तुमची सगळी शक्ती ठरावीक स्नायूंवर एकवटते.

पुलीचा आणखी एक मोठा फायदा असा की ती ओढीची दिशा बदलते. उभ्याने किंवा बसून वरून खाली ओढण्याचा व्यायाम डंबेलने होऊच शकत नाही, कारण डंबेल फक्त खालीच ओढले जाते. लॅट पुलडाऊनवर, म्हणजे वर टांगलेला दांडा छातीकडे ओढण्याच्या मशीनवर, मात्र तो सहज होतो, आणि ज्याला अजून एकही पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणे) काढता येत नाही त्याच्यासाठी पाठ बळकट करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. काही मशीनमध्ये गोल पुलीऐवजी शंखासारखी असमान चकती बसवलेली असते. डंबेल कोपरातून वाकवत खांद्याकडे उचलताना हात कोपरात काटकोनात असतो तेव्हा भार सर्वाधिक जाणवतो आणि वर गेल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो, हे कुणीही करून पाहावे. असमान चकती ही तफावत कमी करते. अमेरिकेतील आर्थर जोन्स यांनी १९७० मध्ये बाजारात आणलेल्या मशीनमुळे ही रचना जगभर पोहोचली आणि त्या चकतीच्या शंखाकृती आकारावरूनच त्यांनी मशीनला ‘नॉटिलस’ हे समुद्री शंखजीवाचे नाव दिले.

समोर लोखंडी प्लेट आहे की केबल, हे स्नायूला कळत नाही, त्याला फक्त ताण कळतो. म्हणूनच दोन्ही गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत, श्रम सारखेच घेतले असतील तर, स्नायूंच्या आकारात होणाऱ्या वाढीत लक्षात घेण्याजोगा फरक आढळलेला नाही. ताकदीचे तसे नाही. जे लोक रॉडने सराव करतात त्यांची ताकद रॉडच्या चाचणीत अधिक वाढलेली दिसते आणि जे मशीनवर करतात त्यांची मशीनच्या चाचणीत, कारण ताकद म्हणजे केवळ स्नायूचा जाडपणा नसून कोणते स्नायू कोणत्या क्रमाने किती जोराने ओढायचे याचा मज्जासंस्थेने केलेला सरावही असतो. माझ्या दृष्टीने या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि पुढचा सगळा विचार तिच्यावरच आधारलेला आहे.

याच कारणाने मशीनवरचे आकडे आणि रॉडवरचे आकडे एकाच तागडीत घालू नयेत. तिरक्या लेग प्रेसचा, म्हणजे पायांनी वजन ढकलण्याच्या मशीनचा, उतार ४५ अंशांचा असेल तर त्यावर लावलेल्या १०० किलोंपैकी सुमारे ७० किलोंचाच भार पायांच्या दिशेने येतो. ज्या केबल मशीनमध्ये सरकत्या पुलीमुळे केबल दुहेरी होते, तिथे खुणेवर ४० किलो दिसत असले तरी हाताला २० किलोच लागतात. उलट स्क्वॅटमध्ये रॉडच्या वजनाबरोबर तुम्ही स्वतःचे बहुतेक सगळे शरीरही उचलत असता. लेग प्रेसवर २०० किलो ढकलणारा तरुण ८० किलोच्या स्क्वॅटखाली डगमगतो तेव्हा त्याने खोटी ताकद कमावलेली नसते. त्याच्या शरीराने ती हालचाल शिकलेलीच नसते.

तालमीचे म्हणणे कुठे बरोबर आहे

या शहरात मोकळ्या वजनाची परंपरा जिमच्या कितीतरी आधीची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान सुरू झाले, आणि मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या पैलवान घडवले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव याच शहरात राजाराम महाविद्यालयात शिकले. तालमीतला व्यायाम पाहिला तर त्यात जोर आहेत, बैठका आहेत, दोर चढणे आहे, मुद्गल आणि दगडी नाल (उचलायचा जड दगड) आहे, आणि यांतली प्रत्येक गोष्ट शरीराला वजनाबरोबर तोलही सांभाळायला लावते. मुद्गल हातात घेऊन पाहिले तर हे लगेच समजते: त्याचे बहुतेक वजन मुठीपासून दूर, जाड टोकाकडे असते, त्यामुळे काट्यावर थोडेच भरणारे मुद्गल फिरवताना मनगट आणि खांदा त्याच वजनाच्या डंबेलपेक्षा कितीतरी अधिक राबतात.

पैलवानाला हेच हवे असते, कारण समोरचा प्रतिस्पर्धी पट्टीवरून सरकत नाही, तो सगळ्या दिशांनी ओढतो. तेव्हा वस्ताद जेव्हा म्हणतात की मशीनची ताकद मातीत उतरत नाही, तेव्हा ते पैलवानाच्या संदर्भात अगदी नेमके बोलत असतात. मात्र तालमीत नवख्या पोराला पहिल्या दिवशी कुणी जड नाल देत नाही, आणि वस्तादांची नजर पहाटेपासून त्याच्यावर असते. मोकळे वजन सुरक्षित ठरते ते या दोन गोष्टींमुळे, आणि नेमक्या याच दोन गोष्टी बहुतेक जिममध्ये दुर्मीळ असतात.

स्वतःला विचारायचे प्रश्न

सुरुवात उद्देशापासून करावी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी माझ्या मते मुख्य भर फ्री वेटवरच द्यावा. पुरुषांसाठी ७.२६ किलोचा आणि महिलांसाठी ४ किलोचा गोळा फेकताना जोर पावलांपासून सुरू होतो, कमरेतून वळतो आणि शेवटी बोटांतून बाहेर पडतो. बसून छातीसमोर वजन ढकलण्याच्या मशीनवर (चेस्ट प्रेस) यातला फक्त शेवटचा तुकडा बळकट होतो. स्क्वॅट, डेडलिफ्ट (कमरेतून वाकून जमिनीवरचे वजन उचलत उभे राहणे), उभ्याने डोक्यावर डंबेल दाबणे आणि लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणे) हे व्यायाम गोळाफेकीला आणि १०० मीटरच्या धावेलाही उपयोगी पडतात. उसाची मोळी डोक्यावर घेणारे, फाउंड्रीत ओझी हलवणारे किंवा दुकानात पोती उचलणारे यांनाही हेच लागू आहे, कारण त्यांचे रोजचे ओझे मोकळेच असते आणि वाकून ते उचलताना पाठ कशी धरावी हे डेडलिफ्ट शिकवते.

ज्याला प्रामुख्याने अंगाला भरीवपणा आणायचा आहे त्याने या वादात पडूच नये आणि जे साधन हाताशी असेल त्यावर नियमाने कष्ट करावेत. अशा माणसाला मशीनचा एक खास उपयोग होतो: शेवटच्या एक-दोन आवर्तनांपर्यंत (वजन एकदा उचलून परत आणले की एक आवर्तन), म्हणजे स्नायू पूर्ण थकेपर्यंत, तो निर्धास्तपणे जाऊ शकतो, कारण हात सुटला तरी वजन अंगावर पडत नाही.

वय झालेल्या किंवा दीर्घकाळ बैठे काम केलेल्या माणसांसाठी मी मशीनपासून सुरुवात सुचवतो, पण तिथेच थांबायला सांगत नाही. माझ्या आईने चौसष्टाव्या वर्षी व्यायाम सुरू केला तेव्हा तिची तक्रार एकच होती, की जमिनीवर मांडी घालून बसल्यावर कशाचा तरी आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. पहिले दोन महिने तिने लेग प्रेस आणि बसून ओढण्याची रो मशीन एवढेच केले. त्यामुळे मांड्यांत बळ आले आणि मुख्य म्हणजे भीती गेली. उठणे मात्र तेवढ्याने सुधारले नाही. उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे, मग कमी उंचीच्या स्टुलावरून, मग छातीशी ४ किलोचे डंबेल धरून, अशी पायरी धरल्यावर ते सुधारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याशिवाय तोल सुधारणारा व्यायाम किमान तीन दिवस करावा. तोल मशीनच्या आसनावर बसून सुधारत नाही, त्यासाठी उभेच राहावे लागते.

दुखापतीतून बाहेर पडणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. एका पायाचे ऑपरेशन झाले असेल तर मशीनवर त्या पायापुरता, ठरावीक मर्यादेत, मोजून भार देता येतो. तो किती द्यायचा हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे, जिममधल्या शेजाऱ्याने नव्हे. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असणाऱ्यांनी कोणताही प्रकार निवडण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम वाढतो.

आता लक्ष देणाऱ्या माणसाचा प्रश्न. जिममध्ये नाव नोंदवण्यापूर्वी, तुम्ही ज्या वेळी व्यायामाला येणार आहात त्याच वेळी अर्धा तास तिथे बसून पाहावे. ट्रेनर नवख्याच्या बाजूला उभा राहून त्याची पाठ आणि गुडघे पाहतो आहे का, चूक दिसल्यावर वजन कमी करायला लावतो का, की आकडे मोजून पुढच्याकडे जातो, हे एवढ्या वेळात कळते. तसे लक्ष मिळणार नसेल तर स्क्वॅट आणि डेडलिफ्ट जाणत्या माणसाकडून वेगळे शिकून घेईपर्यंत मशीन आणि हलके डंबेल यांवरच राहावे. ही तडजोड मला पटते. न शिकता जड रॉड उचलणे मला पटत नाही.

साधने तपासताना

मशीनमध्ये सर्वांत आधी केबल पाहावी. ती पुलीवरून जिथे वळते आणि वजनाच्या दांड्याला जिथे जोडलेली असते, तिथे वरचे प्लॅस्टिक तडकलेले किंवा आतल्या तारा सुटलेल्या दिसल्या तर त्या मशीनवर बसू नये. वजन निवडण्याची पिन त्याच मशीनची असावी. तिच्या जागी खिळा किंवा सळईचा तुकडा अडकवलेला असेल तर तो निसटून वजन अचानक खाली येऊ शकते. आसन आणि पाठटेक खाली-वर, पुढे-मागे सरकते का हेही पाहावे. अनेक मशीन परदेशी सरासरी उंचीचा माणूस धरून आखलेल्या असतात आणि पाच फूट उंचीच्या बाईला त्यांवर पाय टेकवणेही अवघड जाते. आसन जुळत नसेल तर पाठीमागे उशी किंवा पायाखाली जाड प्लेट ठेवून पाहावे, आणि तरीही जुळले नाही तर तोच व्यायाम डंबेलने करावा, कारण डंबेल प्रत्येकाच्या मापाचे असते.

फ्री वेटच्या भागात रॅकला आडवे सेफ्टी बार आहेत का, प्लेट सरकू नयेत म्हणून कॉलर आहेत का, आणि १.२५ किलोच्या लहान प्लेट आहेत का, एवढे पाहिले तरी पुरे. ऑलिंपिक स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, पण जिममध्ये दिसणारे साधे बारीक रॉड बरेच हलके असतात, म्हणून ‘रॉड वीसचा’ असे गृहीत न धरता तो एकदा वजनकाट्यावर ठेवावा. ओतीव प्लेट मशीनिंग न करता तशीच रंगवलेली असेल तर तिच्यावरचा आकडा आणि तिचे खरे वजन यांत फरक पडतो, हे फाउंड्रीच्या या शहरात कुणाला वेगळे सांगावे लागणार नाही. दोन्ही बाजूंना एकाच जोडीच्या प्लेट लावाव्यात.

प्लेट काढण्याची पद्धतही इथेच सांगतो, कारण त्यातून मला धडा मिळाला आहे. सुरुवातीच्या काळात एका लहान जिममध्ये बेंचच्या अरुंद स्टँडवर सात-आठ किलोचा हलका रॉड होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना वीस-वीस किलो लावलेले होते. सेट, म्हणजे सलग आवर्तनांचा एक गट, संपल्यावर मी एका बाजूच्या सगळ्या प्लेट एकदम काढल्या. दुसरी बाजू त्याच क्षणी खाली गेली आणि मोकळे टोक माझ्या हनुवटीजवळून वर गेले. शेजारी लहान मुलगा उभा असता तर काय झाले असते हा विचार आजही मनात येतो. तेव्हापासून मी प्लेट एकावेळी एक, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी काढतो आणि नवख्यांना व्यायामाआधी हे शिकवतो. मशीनमध्ये हा धोका नसतो, ही तिची जमेची बाजू मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पावसाळ्यात, जेव्हा इथे हवा आठवडेच्या आठवडे दमट असते, रॉड घामाने निसरडे होतात आणि गंजही धरतात; तेव्हा जवळ कोरडे फडके ठेवावे आणि डेडलिफ्टपूर्वी रॉड पुसून घ्यावा.

दोन हालचाली जवळून

मशीनवर बसणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. लेग एक्स्टेन्शनचे, म्हणजे बसून नडगीने गादी उचलत गुडघे सरळ करण्याच्या मशीनचे, उदाहरण घेऊ. या मशीनचा हात एका खिळीभोवती फिरतो आणि तुमचा पाय गुडघ्याभोवती. दोन्ही केंद्रे एका रेषेत आली तरच भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर नीट येतो. बसल्यावर बाजूने खाली पाहावे आणि गुडघ्याचा बाहेरचा मध्य खिळीच्या समोर येईपर्यंत पाठटेक पुढे-मागे करावी. गुडघ्याची मागची बाजू आसनाच्या कडेला जेमतेम टेकलेली असावी आणि पुढची गादी घोट्याच्या थोडी वर नडगीवर यावी. मग अगदी हलक्या वजनाने पाय दोन-तीनदा वर-खाली करावेत आणि गादीकडे लक्ष ठेवावे: ती नडगीवर एका जागी राहिली तर बैठक जुळली, आणि ती वर-खाली घासत सरकली तर केंद्रे जुळलेली नाहीत आणि गुडघ्यावर नको तो ताण येतो आहे. बैठक जुळली की पाठटेक कोणत्या भोकात आहे तो आकडा वहीत लिहून ठेवावा, म्हणजे दर वेळी पुन्हा शोधावे लागत नाही.

डेडलिफ्टची तयारी घरच्या घरी, वजनाशिवाय करता येते. झाडूची सरळ दांडी किंवा हलकी लाठी पाठीमागे उभी धरावी, एक हात मानेमागे आणि दुसरा कमरेमागे. दांडी तीन ठिकाणी टेकलेली असावी: डोक्याची मागची बाजू, दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधला भाग आणि माकडहाड. भिंतीकडे पाठ करून साधारण एक वीत अंतरावर उभे राहावे, गुडघे किंचित सैल सोडावेत आणि नितंब मागे नेत भिंतीला स्पर्श करावा, जणू दोन्ही हातांत सामान असताना दार मागून ढकलून लावायचे आहे. छाती आपोआप पुढे झुकते. या वेळी तिन्ही ठिकाणांपैकी एकही सुटला तर वाकणे तिथेच थांबवून परत उभे राहावे. हळूहळू भिंतीपासूनचे अंतर वाढवत न्यावे. ही हालचाल सलग दहा वेळा, दांडी न सुटता जमू लागली की मगच हातात डंबेल घ्यावे. अनेकांना यासाठी दोन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ देण्यात काहीही कमीपणा नाही.

पहिले तीन महिने

निरोगी आणि नवख्या माणसाला मी सहसा जी आखणी देतो ती आठवड्यातून तीन दिवसांची, एक दिवसाआड अशी आहे. पहिले चार आठवडे छातीशी डंबेल धरून स्क्वॅट, वर सांगितलेले दांडीचे वाकणे, आणि मशीनवर चेस्ट प्रेस, लॅट पुलडाऊन व बसून रो, एवढेच करावे. प्रत्येकाचे दोन सेट, दर सेटला दहा ते बारा आवर्तने, आणि वजन इतकेच की सेट संपल्यावर आणखी तीन आवर्तने निघाली असती असे वाटावे. पाचव्या आठवड्यापासून, लक्ष देणारे माणूस असेल तर, रिकाम्या रॉडने स्क्वॅट आणि डंबेल किंवा हलक्या रॉडने डेडलिफ्ट सुरू करून आठ-आठच्या तीन सेटवर यावे. वरच्या अंगासाठी एक दिवस डंबेल आणि एक दिवस मशीन असे चालेल. नवव्या आठवड्यापासून रॉडवर पाच ते आठ आवर्तनांचे जड सेट घ्यावेत आणि त्यानंतर मशीनवर दहा ते पंधराचे सेट, स्नायू थकेपर्यंत.

क्रम उलटा करू नये. मशीनवर थकल्यानंतर रॉडखाली गेले की सर्वांत आधी पाठीची ठेवण बिघडते, म्हणून जे काम तोल आणि एकाग्रता मागते ते ताजेपणी उरकावे. रॉडच्या जड सेटनंतर दोन-तीन मिनिटे पूर्ण विश्रांती घ्यावी; मशीनच्या सेटनंतर एक-दीड मिनिट पुरते.

वजन कसे वाढवायचे यात दोन्ही साधनांचा एक फरक आहे, ज्याकडे फारसे कुणी पाहत नाही. रॉडला दोन्ही बाजूंना १.२५ किलो लावले की एकूण २.५ किलोच वाढतात. बऱ्याच मशीनमध्ये मात्र पिनची पुढची पायरी थेट ५ किलोंनी जड असते. लेग प्रेसवर १०० चे १०५ होणे ही किरकोळ वाढ आहे, पण खांद्याच्या मशीनवर १५ चे २० होणे म्हणजे एका उडीत एकतृतीयांश वाढ झाली, आणि विशेषतः महिला व ज्येष्ठ व्यक्ती नेमक्या इथेच अडकतात व आपली प्रगती थांबली असे समजतात. यावर उपाय असा की मशीनवर आधी आवर्तने वाढवावीत: बारा सहज होऊ लागली तरी थांबू नये, पंधरापर्यंत न्यावीत, मग पुढची पायरी घेऊन आठवर यावे आणि पुन्हा चढावे. मशीनवर ठेवायची एक-दीड किलोची छोटी जोडपट्टी जिममध्ये असेल तर काम अधिकच सोपे होते. डंबेलमध्येही उडी मोठी असते, कारण प्रत्येक हातात २.५ किलो वाढले तर एकूण ५ किलो होतात, म्हणून तिथेही हीच पद्धत वापरावी.

एकट्याने व्यायाम करणाऱ्यांनी बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे झोपून छातीवरून वजन वर ढकलणे, रॉडने करू नये. रॉड छातीवर अडकला आणि हाक मारायला कुणी नसले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. दोन डंबेल बाजूला सोडून देता येतात, मशीनवर हात काढून घेता येतो. एकट्याने यांतलेच काहीतरी निवडावे. स्क्वॅट एकट्याने करायचा असेल तर सेफ्टी बार आपल्या सर्वांत खालच्या स्थितीच्या थोडे खाली बसवून, आणि रिकाम्या रॉडने त्यावर टेकून उठण्याचा सराव करून मगच वजन लावावे.

स्मिथ मशीनबद्दल नेहमी विचारले जाते. तिच्यात रॉड असतो पण तो उभ्या किंवा किंचित तिरक्या पट्ट्यांवरून सरकतो, म्हणून तिला मशीनच समजावे. काही स्मिथ मशीनच्या रॉडला मागून प्रतिभार जोडलेला असतो आणि त्यामुळे तो हाताला फारच हलका लागतो. पोटऱ्यांसाठी, एक पाय पुढे घेऊन करायच्या स्क्वॅटसाठी ती चांगली आहे. पण तिच्यावर स्क्वॅट शिकून मग मोकळ्या रॉडकडे जाईन असा बेत असेल तर तो सोडून द्यावा, कारण मोकळ्या रॉडमध्ये जी गोष्ट शिकायची असते तीच तिथे पट्ट्या करून टाकतात.

व्यायामाची वही ठेवताना या दोन साधनांसाठी नोंदीही वेगळ्या ठेवाव्यात. रॉडसमोर रॉडसकट एकूण किलो लिहावेत. मशीनसमोर पिनचा आकडा, आसनाचे भोक आणि कोणत्या जिममधली कोणती मशीन हे लिहावे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला जाणारी मुले तिथल्या नव्या जिममध्ये जुनाच मशीनचा आकडा लावतात आणि कधी वजन हलतच नाही, कधी ते वाऱ्यासारखे वर जाते, कारण पुलीची रचना आणि घर्षण प्रत्येक मशीनचे वेगळे असते. नव्या ठिकाणी रॉडचे आकडे तसेच पुढे चालू ठेवता येतात. मशीनवर मात्र जुन्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि पहिल्या दोन फेऱ्यांत आपला नवा आकडा शोधून वहीत त्या जिमच्या नावापुढे लिहावा.